रिपोर्टमध्ये ‘जन्मजात’ लिहिलं, म्हणजे अपघाताचा विषय संपतो का?

समजा, भिंगारमधून पाथर्डीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक पोरगा बाईकवरून घसरला. वय २४. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं, पण मान आखडली आणि उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. घरच्यांनी नगरला नेलं (कागदावर २०२४ पासून अहिल्यानगर झालंय, पण बोलताना अजून नगरच). एक्स-रे काढला. संध्याकाळी रिपोर्ट घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. त्यात एक ओळ होती : सी-२ आणि सी-३ मणके एकमेकांना जुळलेले, जन्मजात.

आता ग्रुपवर दोन पार्ट्या पडतात. काका म्हणतात, “चोवीस वर्षं पोराला काही झालं नाही आणि आता जन्मजात? सगळे इन्शुरन्सवाल्यांना मिळालेत.” मावशी म्हणते, “फ्रॅक्चर नाही ना? मग देवाची कृपा. जाऊ द्या.”

हा पोरगा काल्पनिक आहे, पण अशी ओळ बऱ्याच खऱ्या रिपोर्टमध्ये असते. आणि गंमत म्हणजे काका आणि मावशी दोघंही चुकतायत. मणके खरोखर जन्मापासून जुळलेले असू शकतात आणि तरीही त्याला अपघातातच इजा झालेली असू शकते. या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत. पण ‘जन्मजात’ हा शब्द कागदावर आला की अनेकदा पुढचा तपास थांबतो, आणि कधी कधी पैसेही थांबतात.

भिंगारसाठी हा विषय जास्त जवळचा आहे. हे छावणीचं गाव. शेजारी रणगाडा दलाचं आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल, शिवाय मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर. जवान इथं ट्रेनिंग घेतात, निवृत्त होतात आणि पेन्शनचे कागद घेऊन फिरतात. सैन्यात दुखापत आणि जन्मजात दोष या दोन शब्दांमधला फरक थेट पेन्शनपर्यंत पोहोचतो. त्यावर पुढे येऊच. आधी डॉक्टर हा फरक ओळखतात कसा, ते बघू.

सीना नदीतला गोटा आणि क्रशरची खडी

मानेत सात मणके असतात, सी-१ ते सी-७. खालचे पाच साधारण एकसारखे. वरचे दोन मात्र वेगळे. पहिला मणका म्हणजे एक कडं, त्यावर कवटी टेकते. त्याला ॲटलास म्हणतात. दुसऱ्याला वर एक दातासारखा खुंट असतो. हा खुंट कड्याच्या आत बसतो आणि जात्याच्या खुंट्याभोवती वरची तळी फिरावी तसं डोकं त्याच्याभोवती फिरतं. ‘नाही’ म्हणताना मान डावी-उजवीकडे हलते, त्यातली साधारण निम्मी हालचाल या एका सांध्यात होते. आणि त्याच्या अगदी मागून मज्जारज्जू जातो.

गर्भात ही हाडं बऱ्याच तुकड्यांमध्ये बनतात आणि नंतर जोडली जातात. कधी दोन मणके वेगळे व्हायचे राहतात, कधी कड्याची दोन टोकं मागच्या बाजूला मिळत नाहीत, कधी खुंट त्याच्या बुडापासून सुटा राहतो. यातलं बरंचसं आयुष्यभर कुणाला कळतही नाही. कड्याला मागे फट असणं तर शंभरातल्या साधारण चार जणांत सापडतं.

अपघातानंतर स्कॅन काढला आणि अशी फट दिसली, तर पहिला प्रश्न हाच की ही मोडलीये की पहिल्यापासून आहे?

उत्तर बहुतेक वेळा हाडाच्या कडेत असतं. क्रशरवरून आलेली खडी आणि सीनेच्या पात्रातला गोटा हातात घ्या. खडीच्या कडा धारदार, वेड्यावाकड्या, आणि दोन तुकडे शेजारी ठेवले तर बसतील अशा. गोटा गुळगुळीत. ताजं फ्रॅक्चर खडीसारखं असतं. जन्मजात फटीच्या कडा गोट्यासारख्या गोल असतात आणि त्यांच्यावर घट्ट हाडाचा पांढरा थर चढलेला असतो. सीटी स्कॅनमध्ये हा थर स्पष्ट दिसतो. साध्या एक्स-रेमध्ये हाडं एकमेकांवर येतात, म्हणून गल्लत होते.

आता हेच कडं खरोखर फुटतं तेव्हा काय होतं? उथळ विहिरीत सूर मारला आणि डोकं तळाला आपटलं, किंवा डोक्यावर वजन पडलं, की जोर सरळ खाली येतो आणि कडं फुटून बाहेरच्या बाजूला पसरतं. ब्रिटिश सर्जन जेफ्री जेफरसन यांनी १९२० मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून त्याला जेफरसन फ्रॅक्चर म्हणतात. यात कड्याच्या दोन्ही बाजू खालच्या मणक्याच्या बाहेर सरकलेल्या दिसतात. जन्मजात फटीत असं सरकणं नसतं, किंवा अगदी थोडं असतं.

जुळलेल्या मणक्यांची खूण वेगळी. क्लिपेल आणि फील या फ्रेंच डॉक्टरांनी १९१२ मध्ये ४६ वर्षांच्या एका शिंप्याची केस लिहिली. आखूड मान, केसांची रेषा फार खालपर्यंत, मान वळत नाही. तेव्हापासून या प्रकाराला क्लिपेल-फील म्हणतात. पण ही तिन्ही लक्षणं एकत्र निम्म्याहून कमी लोकांत दिसतात, त्यामुळे बाहेरून बघून ओळखता येईलच असं नाही. एक्स-रेमध्ये जन्मापासून जुळलेले दोन मणके मध्यभागी बारीक झालेले दिसतात, गांधीलमाशीच्या कमरेसारखे. बऱ्याचदा मागचे छोटे सांधेही एकत्र झालेले असतात. टीबीमुळे किंवा जुन्या ऑपरेशनमुळे जुळलेले मणके सहसा असे आखीव नसतात. म्हणजे आपल्या काल्पनिक पोराच्या रिपोर्टमध्ये रेडिओलॉजिस्टने ‘जन्मजात’ लिहिलं असेल, तर बहुधा ही कंबर बघून. त्यात कटकारस्थान काही नाही. काकांना सांगा.

जिथं डॉक्टरांचंही एकमत नाही

खुंटाची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. खुंट बुडाशी मोडणं हे मानेतलं गंभीर फ्रॅक्चर. पण काही लोकांत खुंटाच्या जागी एक गोल, सुटा हाडाचा तुकडा असतो. कडा गुळगुळीत, मधली फट रुंद, आणि समोरची कड्याची कमान नेहमीपेक्षा जाड. याला ऑस ओडोन्टॉइडियम म्हणतात. हे नाव १८८६ पासून वापरात आहे आणि बराच काळ याला जन्मजात दोषच मानत.

नंतर काही रुग्णांचे लहानपणीचे जुने एक्स-रे सापडले. त्यात खुंट चक्क व्यवस्थित होता! मधे कधीतरी मानेला मार लागला होता, आणि काही वर्षांनी त्या जागी हा सुटा गोल तुकडा तयार झाला होता. अमेरिकेतल्या फील्डिंग आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये अशा केसेस मांडून म्हटलं की हा प्रकार बऱ्याच जणांत बालपणीच्या, लक्षात न आलेल्या फ्रॅक्चरमुळे होतो. आज दोन्ही कारणं मान्य आहेत.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. गुळगुळीत कड एवढंच सांगते की ही गोष्ट जुनी आहे. ती जन्मापासूनची आहे, असं ती सांगत नाही. रिपोर्टमध्ये ‘जुनी’ आणि ‘जन्मजात’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात, आणि माझ्या मते अर्धा घोळ तिथंच होतो.

लहान मुलांमध्ये उलटा घोळ

मुलांच्या बाबतीत नॉर्मल गोष्टच इजा वाटते. आठ वर्षांखालच्या अनेक मुलांच्या एक्स-रेमध्ये दुसरा मणका तिसऱ्यावर थोडा पुढे सरकलेला दिसतो. मुलांचे लिगामेंट सैल आणि डोकं शरीराच्या मानाने मोठं, म्हणून हे दिसतं. खरं सरकणं आणि हे भासणारं सरकणं वेगळं करायला डॉक्टर मणक्यांच्या मागच्या बाजूला एक रेषा काढून बघतात. स्विशुक या रेडिओलॉजिस्टने १९७७ मध्ये सांगितलेली ही युक्ती आजही वापरतात. तसंच खुंट आणि त्याच्या खालच्या मणक्यात लहानपणी कूर्चेची रेघ असते. ती साधारण तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान भरून येते. तोवर ती फ्रॅक्चरसारखी दिसू शकते. झोक्यावरून पडलेल्या चार वर्षांच्या पोराचा रिपोर्ट घेऊन आईबाप घाबरून जातात, त्यामागे कधी कधी ही रेघ असते.

‘फ्रॅक्चर नाही’ म्हणजे ‘काही नाही’?

आता मावशींकडे येऊ. फ्रॅक्चर नाही हे खरं. पण दोन मणके जुळलेले असतील, तर त्यांच्यात वाकण्याची हालचाल होत नाही. मग ते सगळं काम वरच्या आणि खालच्या सांध्यावर पडतं. अपघातात मान झटक्यात मागेपुढे गेली, की जोरही तिथंच एकवटतो. साध्या मानेला जो झटका नुसता दुखवून गेला असता, तो अशा मानेत लिगामेंट फाडू शकतो किंवा मज्जारज्जूला दाबू शकतो. म्हणजे जन्मजात दोष सापडल्यावर काळजी कमी करायची नसते, उलट वाढवायची असते.

आणि हाड शाबूत असूनही मज्जारज्जूला इजा होऊ शकते. पँग आणि विल्बर्गर यांनी १९८२ मध्ये मुलांमधल्या अशा केसेस मांडल्या. एक्स-रे स्वच्छ, पण हातपाय लुळे. म्हणून मार लागल्यावर मुंग्या येत असतील, हातातली पकड गेली असेल, शर्टाची बटणं लावायला जमत नसतील, चालताना तोल जात असेल, मान पुढे वाकवल्यावर पाठीतून करंट गेल्यासारखं वाटत असेल किंवा लघवीवरचा ताबा गेला असेल, तर एक्स-रेवर थांबायचं नाही. एमआरआय लागतो.

एमआरआयचा दुसरा उपयोग म्हणजे तो वेळ सांगतो. ताज्या इजेत हाडाच्या आतल्या मगजात, लिगामेंटमध्ये आणि मणक्यांच्या समोरच्या मऊ भागात सूज किंवा रक्त दिसतं. जन्मजात दोषाला सूज नसते. पण ही सूज काही आठवड्यांत ओसरते. अपघातानंतर चार महिन्यांनी वकिलाच्या सांगण्यावरून काढलेल्या एमआरआयमध्ये ती सापडेलच असं नाही. तेव्हा ‘नंतर बघू’ म्हणण्यात उपचार तर लांबतातच, पुरावाही जातो.

जाता जाता, कवटी आणि वरच्या दोन मणक्यांचे जन्मजात दोष हा विषय मुंबईने जगाला शिकवलाय. केईएम हॉस्पिटलचे न्यूरोसर्जन डॉ. अतुल गोयल यांनी पहिला आणि दुसरा मणका प्लेट आणि स्क्रूने एकमेकांना पक्का करण्याची पद्धत डॉ. लाहेरी यांच्यासोबत १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. २००१ मध्ये जर्मनीच्या हार्म्स यांनी तिच्याशी मिळतीजुळती पद्धत मांडली आणि आज जगभर ‘गोयल-हार्म्स’ या नावाने ती ओळखली जाते. महत्त्वाचं हे की हा सांधा डळमळीत असेल, तर कारण जन्मजात असो की अपघात, तो स्थिर करण्याचा मार्ग साधारण हाच. मज्जारज्जूवर दाब आला असेल, तर दोष कधीचा आहे यावर उपचार अडत नाहीत.

अडतात ते कागद.

छावणीत या शब्दाची किंमत

सैन्यातून आजारामुळे किंवा दुखापतीमुळे बाहेर पडावं लागलं, तर डिसॅबिलिटी पेन्शनसाठी मेडिकल बोर्ड एक प्रश्न विचारतं : हा त्रास लष्करी सेवेमुळे झाला का, किंवा सेवेमुळे वाढला का? प्रश्नाचे दोन भाग आहेत आणि मधे ‘किंवा’ आहे. पण ‘जन्मजात’, ‘शारीरिक ठेवणीतला’ असे शब्द आले की पहिल्या भागाला ‘नाही’ म्हणून दुसरा भाग विसरला जाण्याचा धोका असतो.

यावर सुप्रीम कोर्टाचा गाजलेला निकाल म्हणजे धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार, जुलै २०१३. धरमवीर सिंग सिग्नल्स दलात शिपाई होते. सुमारे नऊ वर्षांच्या सेवेनंतर फिट येण्याच्या आजारामुळे त्यांना बाहेर काढलं. अपंगत्व २० टक्के. बोर्डाने लिहिलं की आजार मूळ प्रकृतीचा आहे, सेवेशी संबंध नाही. पेन्शन नाकारली. कोर्टाने १९८२ चे नियम उघडले. त्या नियमांत म्हटलं होतं की भरतीच्या वेळी एखाद्या आजाराची नोंद नसेल, तर जवान धडधाकट होता असं धरायचं आणि तो आजार सेवेतच झाला असं मानायचं. सिद्ध करण्याचा भार जवानावर नाही.

पण त्याच नियमात एक दार होतं. हा आजार भरतीच्या तपासणीत सापडूच शकला नसता असं डॉक्टरांचं मत असेल, तर हे गृहीतक लागू होत नाही. मानेतले जुळलेले मणके नेमके या दारातून आत येतात, कारण तक्रार नसलेल्या तरुणाची मान बाहेरून बघून ते कळतीलच असं नाही. मात्र नियमाची अट होती की डॉक्टरांनी कारणं लिहायची. धरमवीर सिंग यांच्या बोर्डाने कारणच दिलं नव्हतं आणि कोर्टाने नेमकं त्यावर बोट ठेवलं. केस फिटची होती, मानेची नव्हती. पण तर्क इथंही चालतो. ‘जन्मजात’ हा शब्द म्हणजे निदान झालं. सेवेतला धक्का, रणगाड्यातली आदळआपट, ट्रेनिंगमधलं पडणं यांनी तो दोष वाढला नाही, हे वेगळं सांगावं लागतं आणि त्याला कारण द्यावं लागतं.

पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये नवे नियम आले. त्यामुळे तुम्ही सेवेतून कधी बाहेर पडलात, यावर कोणते नियम लागू हे ठरतं. २०१३ चा निकाल व्हॉट्सॲपवर फिरतो तेव्हा ही गोष्ट कुणी सांगत नाही. निकाल विरोधात गेला तर अपील करता येतं आणि त्यानंतर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलचं मुंबई खंडपीठ आहे.

अग्निवीरांसाठी हिशोब आणखी कडक. सेवेमुळे झालेल्या किंवा वाढलेल्या अपंगत्वासाठी एकरकमी ४४ लाख, २५ लाख किंवा १५ लाख रुपये मिळतात, अनुक्रमे १००, ७५ आणि ५० टक्के अपंगत्वाला. त्यांना पेन्शन नाही. म्हणजे त्यांच्या बाबतीत ‘सेवेमुळे’ हा शब्द मिळाला नाही, तर ही रक्कमही नाही. ट्रेनिंगमध्ये मान दुखावली तर त्याच दिवशी सांगून इंजुरी रिपोर्ट करून घेणं किती मोलाचं, हे यावरून कळेल. बरेच जण ‘बाकीचे हसतील’ म्हणून गप्प बसतात.

आणि रस्त्यावरच्या अपघातात?

इथं तत्त्व जुनं आहे. ज्याने धडक दिली, त्याने समोरचा माणूस जसा आहे तसा धरायचा. ‘त्याची मान आधीच नाजूक होती’ म्हणून जबाबदारी पुसली जात नाही. मात्र अपघाताने नक्की किती भर घातली, हे सिद्ध करावं लागतं. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये राज कुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात सांगितलं की नुसती अपंगत्वाची टक्केवारी बघायची नाही, त्या माणसाच्या कमाईवर काय परिणाम झाला ते बघायचं. ऑफिसात बसणाऱ्याची आणि मार्केट यार्डात पोती उचलणाऱ्याची मान सारखीच दुखावली, तरी नुकसान सारखं नाही. मोटार अपघात दाव्यासाठी कायद्यात आता सहा महिन्यांची मुदत आहे, हेही माहीत असू द्या.

आरोग्य विम्यात काकांची भीती अगदीच निराधार नाही. ‘दोष जन्मापासून होता, म्हणजे पॉलिसी घेण्याआधीचा’ असं सांगून क्लेम नाकारला जाऊ शकतो. पण विमा नियामकाच्या २०२४ च्या व्याख्येप्रमाणे ‘आधीपासूनचा आजार’ म्हणजे पॉलिसीच्या आधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरने निदान केलेला, किंवा ज्यासाठी डॉक्टरचा सल्ला वा उपचार घेतले असा. ज्या मणक्यांबद्दल अपघाताच्या दिवसापर्यंत कुणालाच माहीत नव्हतं, ते या व्याख्येत कसे बसतात, हे कंपनीला लेखी विचारायला हरकत नाही. आणि जन्मजात दोषांबद्दल तुमच्या पॉलिसीत वेगळी अट असेल, तर ती आधी वाचा.

रिपोर्ट हातात आल्यावर

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न साधे आहेत. हे जन्मजात आहे, की फक्त जुनं आहे? कडांवर घट्ट हाडाचा थर दिसतोय का? आजूबाजूला ताजी सूज आहे का? सांधा डळमळीत आहे का? आणि असेल तर कुस्ती, कबड्डी, डोक्यावर ओझं, हे चालेल का? दाढी-कटिंगनंतर ‘मान मोडून देऊ का’ म्हणणाऱ्या दादांना मात्र, असा रिपोर्ट असेल तर, हात जोडायचे. अस्थिर सांध्यावर तो झटका महागात पडू शकतो.

या वादात सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे अपघाताच्या आधीचा फोटो, आणि तो घरात कुठेतरी असू शकतो. छातीच्या जुन्या एक्स-रेमध्ये मानेचे खालचे मणके वरच्या कडेला डोकावतात. आणि लहानपणी दातांना तारा लावल्या असतील, तर तेव्हा चेहऱ्याचा बाजूने काढलेला एक्स-रे शोधा. त्यात दातांसोबत मानेचे वरचे तीन-चार मणके स्पष्ट दिसतात.